शरीफ, शरीफजी, सर्फोजी

भोसले घराण्याची वंशावळ फळ्यावर लिहिताना शिक्षकाचा खडू दोन ठिकाणी किंचित अडखळतो. पहिले ठिकाण मालोजीराजांच्या खालचे. तेथे दोन पुत्र लिहावे लागतात : शहाजी आणि शरीफजी. दुसरे ठिकाण त्याच वंशवृक्षाच्या तंजावरकडे गेलेल्या फांदीवर आहे. तेथे व्यंकोजीराजांचे तीन पुत्र लिहावयाचे असतात : शहाजी, सर्फोजी आणि तुकोजी. वर्गात एखादा चौकस मुलगा असला तर तो विचारतोच, 'गुरुजी, शरीफ हे तर मुसलमानांचे नाव. ते भोसल्यांच्या घरात कसे आले?'

या प्रश्नाला जी उत्तरे दिली जातात, त्यांचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. काही जण विषय पुढे ढकलतात आणि शरीफजींचे नाव गाळून शहाजीराजांकडे वळतात. काही जण हे नाव मुळात 'शरभजी' असावे, यवनी लेखणीने त्याचे 'शरीफजी' केले, असे सांगून मुलाचे समाधान करतात. आणखी काही जण उलट टोकास जाऊन, हे नाव म्हणजे त्या पिढीच्या ताबेदारीची खूण आहे असा निर्णय देतात. आम्हांस ही तिन्ही उत्तरे असमाधानकारक वाटतात. नाव कोठून निघाले हा एक प्रश्न आहे. ते कोणी, कोणत्या भावनेने ठेवले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर व्युत्पत्ती देईल, पण दुसऱ्याचे उत्तर व्युत्पत्तीकडून मागणे म्हणजे तिच्यावर नसता भार टाकणे होय. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेच वरील तिन्ही उत्तरे जन्मास आली आहेत.

१

प्रथम शब्दाकडे वळू. 'शरीफ' हा शब्द अरबी आहे, याविषयी दुमत नाही. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. येथील धातू श-र-फ असा आहे आणि त्याच्या मुळाशी उंचीची कल्पना आहे. 'शरफ' म्हणजे उंचवटा, आणि त्यावरून थोरवी, प्रतिष्ठा. 'शुर्फा' म्हणजे तटावरील कंगोरा किंवा सज्जा. ज्याचे कुळ उंचावर आहे तो 'शरीफ'. आपल्याकडेही 'उच्च' कुळ आणि 'थोर' घराणे असे म्हणताना डोळ्यांपुढे उंचीच असते.

या शब्दाची घडणही मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. धातूच्या पहिल्या व्यंजनास ऱ्हस्व अ आणि दुसऱ्यास दीर्घ ई लावून अरबीत गुणवाचक व कर्तृवाचक शब्द बनतात. वकील, अमीर, वजीर, फकीर, हकीम, गरीब, अमीन, कबीर हे सर्व शब्द याच साच्यातून निघाले आहेत. शरीफ हा त्यांचाच भाऊ आहे. व्याकरणाच्या तासाला हे शब्द एका ओळीत लिहून दाखविले, तर मुलांना एका अपरिचित भाषेची रचना पाच मिनिटांत कळू शकते, असा आमचा विश्वास आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीतील प्रतिष्ठित, कुलीन पुरुषास शरीफ म्हणत. पुढे पैगंबरांच्या वंशजांना हा शब्द विशेषेकरून लागू झाला. कालांतराने हेजाझ प्रांतात हसन यांच्या वंशजांस शरीफ आणि हुसेन यांच्या वंशजांस सय्यद म्हणावे असा संकेत रूढ झाला. तथापि तो सर्व देशांत सारख्या काटेकोरपणे पाळला गेला नाही. या वंशजांच्या नोंदी ठेवणारा 'नकीब' नावाचा अधिकारी मोठमोठ्या शहरांतून असे. ईजिप्तचा ममलूक सुलतान अश्रफ शाबान याने हिजरी ७७३ मध्ये, म्हणजे इ. स. १३७१-७२ च्या सुमारास, शरीफांनी फेट्यावर हिरवी खूण वागवावी असा हुकूम काढला. मक्केच्या अधिपतीसही शरीफ हीच पदवी होती. १९१६ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठाव पुकारणारे हुसेन बिन अली हे मक्केचे शरीफ होते. १९२४ मध्ये मक्का त्यांच्या घराण्याच्या हातून गेली. त्याच घराण्याची एक शाखा जॉर्डनच्या गादीवर आहे.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानी येते. शरीफ हे आरंभी नाव नव्हते, तो मान होता. अरबांच्या नामपद्धतीत जन्मनाव, मुलावरून पडलेले नाव, पित्याचे नाव, उपाधी आणि स्थलवाचक नाव असे निरनिराळे घटक असतात. शरीफ हा शब्द बराच काळ उपाधीच्या जागी राहिला. बगदादचा कवी अश-शरीफ अर-रदी याचे जन्मनाव मुहम्मद. सिसिलीच्या राजा रॉजरसाठी ११५४ मध्ये जगाचा नकाशा सिद्ध करणारा भूगोलवेत्ता शरीफ इद्रीसी याचेही जन्मनाव मुहम्मदच. 'तारीफात' हा पारिभाषिक शब्दांचा कोश रचणारा सय्यद शरीफ जुर्जानी याचे जन्मनाव अली. या तिघांनाही जग ज्या शब्दाने ओळखते, तो त्यांच्या कुळाचा मान आहे. पुढे मात्र हा मान थेट मुलाचे नाव म्हणून ठेवला जाऊ लागला. तुर्कस्तानात शेरीफ, ईजिप्तमध्ये शेरीफ किंवा शरीफ, मगरिबात शेरिफ अशी त्याची रूपे झाली. कुळाचा दाखला असलेला शब्द अशा रीतीने कोणाच्याही मुलाला मिळू लागला. आपल्याकडे 'राजा' किंवा 'पंडित' हे शब्द पदवीवरून नावात उतरले, तसाच हा प्रकार होय.

हिंदुस्थानात त्याचा अर्थ आणखी एका दिशेने सरकला. उर्दूत आणि दखनीत 'शरीफ आदमी' म्हणजे सभ्य, निरुपद्रवी, मर्यादशील माणूस. हैदराबादच्या मराठी माणसास हा अर्थ सांगावा लागत नाही. येथे कुळाची उंची मागे पडली आणि वागणुकीची उंची पुढे आली. शिवाय 'कुराण शरीफ', 'अजमेर शरीफ' अशा प्रयोगांत तोच शब्द ग्रंथाच्या व क्षेत्राच्या पावित्र्याचा वाचक झाला आहे.

२

याच धातूचे आणखी काही शब्द मराठीच्या घरात पूर्वीपासून नांदत आहेत, आणि ते आपण ओळखत नाही ही नवलाची गोष्ट आहे. 'अशर्फी' हे सोन्याच्या नाण्याचे नाव ममलूक सुलतान अश्रफ बर्सबाय याच्या उपाधीवरून पडले. त्याने १४२५ मध्ये ते नाणे पाडले. 'अश्रफ' म्हणजे अधिक शरीफ. 'तश्रीफ' म्हणजे मान देणे, आणि त्यावरून मानाची वस्त्रे. 'मुश्रीफ' म्हणजे उंचावरून पाहणारा, देखरेख करणारा अधिकारी; आडनाव म्हणून तो शब्द मराठी मुलखात अद्याप वावरत आहे.

याउलट, सारखे दिसणारे दोन शब्द मात्र या कुळातले नव्हेत. 'सराफ' हा शब्द अरबीतील निराळ्या 'स'काराने आरंभ होणाऱ्या स-र-फ या धातूचा असून त्याचा संबंध नाण्यांच्या अदलाबदलीशी आहे. सर्फोजी या नावाशी त्याचे नाते जोडणे चूक होय. तसेच जुन्या पत्रांतील 'मशारनिल्हे' हा शब्द 'ज्याचा निर्देश केला तो' या अर्थाच्या अरबी पदबंधापासून आला आहे. त्याचा धातू श-व-र हा आहे. देवनागरीत अरबीचे निरनिराळे 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळून जातात, म्हणून केवळ कानावर विसंबून व्युत्पत्ती सांगणाऱ्याची फसगत होते. शब्दाची मूळ लेखनपद्धती पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये, एवढा धडा यातून घ्यावा.

३

आता हा शब्द मालोजीराजांच्या घरात कसा आला ते पाहू. मालोजी व त्यांचे बंधू विठोजी हे अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार होते. मालोजींना व त्यांच्या पत्नी उमाबाईंना बराच काळ संतती नव्हती. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील शाह शरीफ या पिराला नवस केल्यानंतर दोन पुत्र झाले आणि त्या पिराचेच नाव त्यांना दिले, अशी परंपरा आहे. ही परंपरा केवळ उत्तरकालीन बखरींची नाही. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून कवींद्र परमानंद नेवासकर यांनी रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही ती आली आहे. १९२७ साली स. म. दिवेकर यांनी हे काव्य प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून मिळाली होती. शरीफजींचे नाव ज्या शाखेने पुढे चालविले, तिच्याच ग्रंथसंग्रहाने या परंपरेचा जुना पुरावा जतन करावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या नावांची वाटणी मोठी हृद्य आहे. पिराचे नाव दोन शब्दांचे : शाह आणि शरीफ. 'शाह' हा फारसी शब्द राजवाचक असला तरी फकिरांना व अवलियांना आदराने लावण्याची रीत होती. थोरल्या पुत्रास फारसी अर्धे मिळाले, धाकट्यास अरबी अर्धे. दोघे भाऊ मिळून एका साधूचे नाव पुरे होत होते.

यावर एक आक्षेप संभवतो. दरबारी चाकरीत असलेल्या सरदारांनी धन्याच्या भाषेतील नावे हौसेने उचलली, त्यासाठी नवसाची कथा कशाला हवी? आक्षेप विचारार्ह आहे, परंतु त्याचे उत्तर त्याच वंशावळीत मिळते. विठोजीही त्याच दरबाराचे चाकर. त्यांना आठ पुत्र होते, आणि शिवभारतात त्यांची नावे दिली आहेत : संभाजी, खेलोजी, मालोजी, मंबाजी, नागोजी, परसोजी, त्र्यंबकजी व काकाजी. यांत एकही नाव अरबी वा फारसी नाही. एकच वाडा, एकच चाकरी, एकच पिढी. असे असता केवळ मालोजींच्याच दोन मुलांना अशी नावे मिळतात. दरबारी हौस हे कारण असते तर ते दोन्ही भावांच्या घरी दिसले असते. आणखी असे की, शहाजी हे नाव एकटे असते तर राजपदाकडे बोट दाखविता आले असते. शरीफजी हे नाव जोडीला आहे म्हणून आपल्याला दर्ग्यापर्यंत जावेच लागते.

यावरून मालोजींच्या धर्मनिष्ठेविषयी शंका घेणारेही भेटतात. त्यांनी मालोजींची इतर कामे पाहावीत. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार याच मालोजींनी केला. शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून तेथील तलाव याच मालोजींनी बांधविला. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ज्यांचा 'योगसंग्राम' मराठी संतवाङ्मयात मानाने वाचला जातो, त्यांच्याशीही परंपरा मालोजींचा संबंध जोडते. शिंगणापूरच्या शंभुमहादेवावर निष्ठा ठेवणारा पुरुष नगरच्या पिरापुढे ओटी पसरतो, यात त्या काळच्या माणसाला विसंगती वाटली नाही. ती आपल्याला वाटते, याचे कारण आपल्या काळात शोधावे, मालोजींच्या नव्हे. मूल होत नसलेल्या घराची व्यथा आणि ती फिटल्यावरची कृतज्ञता, एवढाच या नावाचा मूळ आशय आहे.

धाकटे शरीफजी फार जगले नाहीत. १६२४ च्या भातवडीच्या रणात मलिक अंबरच्या बाजूने लढताना ते पडले. शहाजीराजांची कीर्ती पुढे वाढत गेली. शरीफजींचे नाव महाराष्ट्रात वंशावळीपुरते उरले.

४

शरीफजी हे एकाकी उदाहरण आहे असेही समजू नये. मराठी पुरुषनामांत अरबी शब्दांची संख्या आपण मानतो त्याहून बरीच अधिक आहे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या नावातील 'दौलत', बडोद्याच्या फत्तेसिंगराव गायकवाडांच्या नावातील 'फत्ते', सुलतानजी निंबाळकरांच्या नावातील 'सुलतान' हे सर्व अरबी शब्द आहेत. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावून देणारे हैबतरावबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडील सरदार. 'हैबत' म्हणजे अरबीत धाक, दरारा. पंढरीची वाट चालताना ज्यांचे नाव वारकरी आदराने घेतात, त्यांच्या नावाचा अर्धा भाग अरबी आहे, आणि त्यामुळे आजवर कोणाच्या टाळाचा ठेका चुकलेला नाही.

परंतु येथे एक भेद करणे अवश्य आहे. दौलत, फत्ते, सुलतान, हैबत ही नावे सत्तेच्या शब्दसंग्रहातून आलेली आहेत. दरबारात, लष्करात, पत्रांच्या मायन्यांत हे शब्द रोज कानी पडत; मुलगा पराक्रमी व्हावा, वैभवाला चढावा या इच्छेने ते पाळण्यात गेले. शरीफजी हे नाव मात्र या वाटेने आलेले नाही. त्याचे सगेसोयरे निराळे आहेत. पिराजी, फकीरराव, फकिरा ही त्याची भावंडे. नवसाने झालेला, फकिराच्या झोळीतून मिळालेला मुलगा म्हणजे फकिरा. अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ज्या पुरुषास कादंबरीचा नायक केले, त्याचे नाव हेच आहे. बेळगाव व धारवाड या भागांत कानडी घरांतून आढळणारे फकीरप्पा हे नावही त्याच मातीतले : शब्द अरबी, प्रत्यय कानडी, मुलगा शेतकऱ्याचा. दरबाराचे दार आणि दर्ग्याचे दार अशा दोन दारांनी अरबी नावे आपल्या घरांत आली. दोहोंची गणना 'यवनी प्रभाव' या एकाच सदराखाली करणारा टीकाकार गणना करतो, परीक्षण करीत नाही.

या संदर्भात 'राज्यव्यवहारकोशा'चे उदाहरण उद्बोधक आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने हा कोश सिद्ध झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर तो प्रसिद्ध आहे. दप्तर, किल्ले, शस्त्रागार, पाकशाळा यांतील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा उद्देश होता. राज्यकारभाराची भाषा आपली असावी हा महाराजांचा आग्रह स्पष्टच आहे. परंतु ज्या सिंहासनावरून ही आज्ञा निघाली, तेथे महाराज आपल्या पित्याचे नाव शहाजी असेच सांगत होते. पदांची नावे बदलली, माणसांची बदलली नाहीत. पद राज्याचे असते, त्याचे नाव राज्याने ठरवावे. माणसाचे नाव मात्र आईबापांनी ठेवलेले असते, आणि त्यावर कोशकाराचा अधिकार चालत नाही. भाषाशुद्धीचा कैवार घेणाऱ्यांनी हा विवेक महाराजांपासून शिकण्यासारखा आहे.

५

आता तंजावरकडे वळू. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली. त्यांच्यामागून त्यांचे तीन पुत्र क्रमाने गादीवर आले : शहाजी १६८४ ते १७१२, सर्फोजी १७१२ ते १७२८ आणि तुकोजी १७२८ पासून १७३६ पर्यंत. यांतील पहिल्या दोन नावांची जोडी पाहावी. मालोजींच्या घरात शहाजी-शरीफजी, त्यांच्या नातवाच्या घरात शहाजी-सर्फोजी. मराठ्यांत वडीलधाऱ्यांचे नाव पुन्हा ठेवण्याची रीत सर्वश्रुत आहे. महाराजांच्या थोरल्या बंधूंचे नाव संभाजी आणि थोरल्या पुत्राचेही संभाजीच. व्यंकोजींनी पहिल्या पुत्रास पित्याचे नाव दिले आणि दुसऱ्यास रणात पडलेल्या चुलत्याचे. सर्फोजी म्हणजेच शरीफजी, या मतास हा जोडीचा पुरावा आम्हांस सर्वांत बळकट वाटतो.

रूपाचे परिवर्तनही मराठीच्या स्वभावास धरून आहे. मालोजी, विठोजी, कान्होजी, तुकोजी या नावांच्या धर्तीवर 'शरीफ'ला 'ओजी' लागले. असा भार मागे लागला की आधीचा दीर्घ ईकार मराठीत टिकत नाही; 'पाटील'चे 'पाटलाला' होते, 'गरीब'चे 'गरिबाला' होते. बोलण्याच्या ओघात 'शरीफोजी'चे 'शर्फोजी' आणि 'सर्फोजी' होण्यास यापेक्षा अधिक कारण शोधावे लागत नाही.

परंतु तंजावरला या नावाचे आणखी एक रूप झाले, ते म्हणजे 'शरभोजी'. शरभ हा पुराणांतील सिंहाहूनही बलाढ्य प्राणी. शंकराने धारण केलेले उग्र रूप म्हणून दक्षिणेत त्याची उपासना आहे. दरबारच्या संस्कृत पंडितांनी शहाजीचे जसे 'शाहेंद्र' केले, तसे सर्फोजीचे 'शरभराज' व 'शरभेंद्र' केले. पहिल्या सर्फोजीवर जगन्नाथ कवीचे 'शरभराजविलास' आहे. दुसरे सर्फोजी, ज्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयास वैभव दिले आणि ज्यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे भूगोल शिकविणारे मराठी नाटक आहे, त्यांच्यावर कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली.

हे रूपांतर कसे घडले असावे? आमच्या मते येथे पंडितांच्या रुचीला लिपीचे साहाय्य झाले. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे. स आणि श यांचा भेदही तेथे ठाम नाही. 'शरफोजी' असे तमिळ अक्षरांत लिहिले की ते 'सरबोजी'ही वाचता येते आणि 'शरभोजी'ही. दोन स्वरांमध्ये आलेले ते अक्षर तमिळ माणूस स्वभावतःच मृदू उच्चारतो. म्हणजे कानाला 'भ'च्या जवळचा ध्वनी ऐकू येत होता, आणि शैव क्षेत्रातील पंडिताला शरभ आठवणे स्वाभाविक होते. हे आमचे अनुमान आहे. तथापि कोणा एका माणसाने हेतुपुरस्सर नाव 'शुद्ध' केले असे मानण्यापेक्षा ते अधिक सयुक्तिक वाटते.

'मूळ नाव शरभजी, त्याचे यवनी रूप शरीफजी' या उपपत्तीचा निकाल येथेच लागतो. काळाचा क्रम उलटा आहे. शरीफजी हे रूप मालोजींच्या काळी महाराष्ट्रात आहे. शरभ हे रूप त्यानंतर कित्येक दशकांनी कावेरीच्या काठी आढळते. शिवाय शिवभारतकार परमानंद हे स्वतः संस्कृत कवी. शरभ हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी त्या भावाचे नाव शरीफ असेच ठेवले. जे संस्कृत कवीला खटकले नाही ते आपल्या वंशावळीला खटकावे, हे अजब आहे.

तथापि शरभोजी हे रूप खोटे ठरवून फेकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. नगरच्या पिराचे नाव घेऊन निघालेला शब्द तंजावरला शंकराच्या रूपात विसावला. पहिले रूप मातेच्या नवसाचे आहे, दुसरे कवींच्या गौरवाचे. दोन्ही खरी आहेत, मात्र आपापल्या ठिकाणी. दुसऱ्याला पहिल्याच्या जागी बसविले की दोहोंचाही इतिहास नाहीसा होतो.

६

मराठी छापील ग्रंथांत आज सर्फोजी, सरफोजी, शरफोजी आणि शरभोजी अशी चार रूपे आढळतात. कित्येकदा एकाच ग्रंथात दोन. विद्यार्थ्याला हे चार निरनिराळे पुरुष वाटले तर दोष त्याचा नाही. यास्तव शिक्षकबंधूंपुढे व संपादकांपुढे आमचे नम्र म्हणणे असे आहे की, मालोजींच्या पुत्राचे नाव सर्वत्र 'शरीफजी' असेच छापावे आणि ते गाळू नये. तंजावरच्या दोन्ही राजांसाठी 'सर्फोजी' हे मराठी रूप ठेवावे. संस्कृत आणि तमिळ ग्रंथांचा विषय येईल तेथे 'शरभ' हे रूप द्यावे, आणि ते त्याच नावाचे दरबारी रूप आहे असे एका वाक्यात सांगावे. जुन्या कागदांची संपादने करणाऱ्यांनी तर कागदात जे रूप असेल तेच ठेवावे. त्यावर सुधारणा करण्याचा मोह टाळावा. एकदा सुधारलेले नाव पुढच्या अभ्यासकास पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही.

यात प्रश्न एका जोडाक्षराचा नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी समाजांना नावांचे हे स्थलांतर घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. आपलीही नावे शेजारच्या भाषांनी निराळी उच्चारली, निराळी लिहिली, आणि आपण ती बहुधा आनंदाने स्वीकारली. पण आपल्या आजोबांचे नाव परके वाटते म्हणून कोणी ते बदलून लिहू लागला तर आपण त्यास संमती देऊ काय? मालोजी आणि उमाबाई यांना आज आपली बाजू मांडता येत नाही. त्यांनी पाळण्यात उच्चारलेले नाव जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती देणे एवढेच आपल्या हाती आहे.

वर्गातल्या त्या मुलाला मग उत्तर देणे कठीण नाही. शरीफ म्हणजे थोर. शब्द अरबी आहे. एका मराठी आईने नगरच्या पिराला नवस केला होता, तो फळला, म्हणून तिने आपल्या मुलांना त्याचे नाव दिले. पुढे ते नाव तंजावरला गेले आणि तेथील कवींनी त्यात शरभ पाहिला. एवढे सांगून शिक्षकाने वंशावळीतील पुढची ओळ लिहावयास घ्यावी.